जेवून दे

सरांना बसून जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला धसकाच बसला. कारण माहीत असूनही, या माणसाला काहीतरी गंभीर झालंय, असं वाटलं. त्याआधी कित्येक वर्षं मी त्यांना फक्त उभ्यानं खाताना पाहिलं होतं. बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, स्पर्धा परीक्षांचा त्यांचा क्लास होता. ते गणित शिकवायचे, मी मराठी शिकवायचे. जिन्यात पॅटिस, बोर्डासमोर क्रीमरोल, आणि मिसळ तर मिसळीच्या दुकानाच्या दारात, स्कूटर चालू ठेवून. दुकानदार ओरडायचा, "अहो, गाडी बंद करा, रश्श्यात धूर येतोय!" सर म्हणायचे, "तर्री तुमची, धूर माझा. डोळ्यांत पाणी दोन्हींनी येतं." दुकानदाराला यावर उत्तर सुचेपर्यंत प्लेट रिकामी होऊन परत आलेली असायची.

अंगानं चांगले भरभक्कम. पण जाड माणसाला शोभणारा सावकाशपणा त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. शिकवताना खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या. खुर्चीत बसलेच तर गुडघा शिवणयंत्रासारखा हलायचा. सिनेमाला गेले तर मध्यंतरात उठून यायचे, कारण शेवट कळलेला असायचा. समोरच्याचं वाक्य तेच पूर्ण करायचे, आणि बहुतेकदा चुकीचं. मी एकदा रजा मागायला गेले.

"सर, माझ्या आईला..."

"नमस्कार सांगा. पुढे?"

हे 'पुढे?' त्यांचं ठरलेलं होतं. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की 'पुढे?' आला. मी यवतमाळकडची. आमच्याकडे माणूस बोलायला बसला की आधी हवापाणी, मग घरचे, मग मुद्दा. त्यामुळे पहिली दोन वर्षं मला या माणसाचा फार राग यायचा. नंतरही यायचा, पण नंतर मी त्यांना उलट बोलायला शिकले. पुण्यानं मला एवढं तरी दिलं.

क्लास मात्र तुडुंब चालायचा, तो याच घाईच्या जोरावर. सर उजव्या हातानं उदाहरण सोडवायचे आणि डाव्या हातानं पुसत पुसत पुढे जायचे. नफा-तोटा, सरासरी, काळ-काम-वेग, सगळ्यांना त्यांच्याकडे शॉर्टकट होता. वाशीमपासून नांदेडपर्यंतची पोरं त्यासाठी इथे कॉट बेसिसवर, एका खाटेपुरतं भाडं देऊन, राहायची. कुणीतरी त्यांच्या शॉर्टकटांची रील्स टाकली होती, तीही जोरात चालत होती. सर म्हणायचे, "चार पर्यायांतला एक बरोबर असतो. तो शोधा. तो का बरोबर आहे, हे विचारायला नोकरी लागल्यावर वेळच वेळ आहे." एकदा आमच्याकडच्या एका मुलीनं धीर करून म्हटलं, "सर, पायऱ्या दाखवा ना जी." सर म्हणाले, "पायऱ्या जिन्याला असतात. आपण लिफ्टनं जातो." आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

सरांचं लग्न झालेलं नव्हतं. कोथरूडला एकटे राहायचे. लग्नाचं विचारलं की म्हणायचे, "पाहायला जायचो तेव्हा चहा येईपर्यंत थांबायला लागायचं. जमलं नाही." जिवाभावाचं माणूस म्हणजे बिबवेवाडीत राहणारी मोठी बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच यांना वाढवलं होतं. मी त्यांना ताईच म्हणायचे. शाळेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन बंगळूरला. सरांच्या अगदी उलट स्वभाव. मेथीची जुडी निवडायला घेतली की दुपार त्यातच. भावाबद्दल त्या म्हणायच्या, "हा माझ्याकडे येतो ते झडती घ्यायला आल्यासारखा. डबे उघडतो, खातो, जातो."

त्या ताईंचं लिव्हर निकामी झालं. आयुष्यात कधी दारूचा थेंब न घेतलेली बाई, पण नातेवाइकांनी आडून आडून तेच विचारून घेतलं. डॉक्टरांनी प्रत्यारोपण सांगितलं. लिव्हरचा तुकडा जिवंत माणूसही देऊ शकतो, उरलेलं पुन्हा वाढतं. मुलीचा रक्तगट जुळला नाही. सरांचा जुळला. सर त्या दिवशी क्लासमध्ये आले ते इतके खुशीत, की मला वाटलं आमचं कुणीतरी राज्यात पहिलं आलं.

दवाखान्यात ते मला बरोबर न्यायचे. कारण सांगितलं ते असं, "वेटिंगला कुणीतरी बसावं लागतं हो. मला ते जमत नाही." मग मी बाकावर बसायचे आणि ते पॅसेजमध्ये फेऱ्या मारायचे. नंबर आला की मी हाक मारायचे. डॉक्टरीणबाई शांत होत्या, शब्द जपून वापरणाऱ्या. त्यांनी सरांचे रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं, "तुमच्या लिव्हरमध्ये चरबी आहे. असं लिव्हर आम्ही घेऊ शकत नाही. तुम्हालाही धोका, त्यांनाही. वजन उतरवा. खाणं सुधारा, चाला. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

"एका महिन्यात करतो," सर म्हणाले.

"पैज लावलेली नाही आपण."

बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "बाई फारच हळू बोलतात." मला मात्र त्या फार आवडल्या.

सरांनी वजन उतरवण्याचा त्यांच्या पद्धतीचा अर्थ काढला, म्हणजे खाणंच बंद केलं. दिवसभर काकडी आणि काळा चहा. चौथ्या-पाचव्या दिवशी बोर्डावर व्याजाचं गणित मांडता मांडता ते भिंतीला टेकले आणि खाली सरकले. पोरं घाबरली. मी साखरपाणी पाजलं आणि सरळ ताईंना फोन लावला. ताईंनी त्यांना बोलावून घेतलं, समोर बसवलं आणि सांगितलं, "हे बघ, उपाशी राहून देणार असशील तर मला नको. ठेव तुझ्याकडेच. द्यायचं असेल तर जेवून दे."

तेव्हापासून रोज दुपारी सर बिबवेवाडीला जेवायला जाऊ लागले. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सांगितलेलं ताईंनी ऐकून घेतलं आणि आपल्या भाषेत लावून घेतलं. बेकरीचं, तळलेलं आणि गोड बंद. ताट अर्धं भाज्यांनी आणि कोशिंबिरीनं भरायचं, मग ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मोडाची उसळ, ताक. भूक मारायची नाही आणि पोटही ठासून भरायचं नाही. "यात नवीन काय आहे?" ताई म्हणाल्या. "आपल्याकडे हेच तर शिजायचं. तूच जिन्यात पॅटिस खायला लागलास."

एका दुपारी मला सराव परीक्षेच्या पेपरांवर त्यांची सही हवी होती, म्हणून मी तिथे गेले. आणि तेव्हा ते दृश्य पाहिलं. सर जमिनीवर मांडी घालून बसले होते. ताई शेजारी खुर्चीत. चेहरा ओढलेला, पोट पाण्यानं फुगलेलं, डोळे हळदीसारखे. ताईंना मीठ बंद होतं, म्हणून सगळं अळणी शिजवलेलं, सर वरून चिमूटभर घेत होते. स्वयंपाकही आता तेच करायचे, ताईंच्या हुकमाप्रमाणे. भाकरीला नकाशातल्या सगळ्या देशांच्या सीमा होत्या. ताई त्यांना भाकरीचा एकेक चतकोर वाढत होत्या, आणि तोंडातलं संपल्याशिवाय पुढचा देत नव्हत्या.

"गिळलंस? मी बघतेय."

"अगं, पोटात जाऊन सगळं एकच होणार आहे."

"मग तोंडात दात कशाला दिलेत? चाव."

सरांचा गुडघा हलत होता. ताईंनी खुर्चीतून वाकून त्यावर नुसता हात ठेवला. गुडघा थांबला. हात उचलला की पुन्हा सुरू. मग त्यांनी हात काढलाच नाही, दुसऱ्या हातानं वाढत राहिल्या. मला म्हणाल्या, "ये गं, तूही बस. तुम्ही मास्तर लोक म्हणजे उभ्यानं खायची जात." मी जेवले. अळणी उसळ एवढी चांगली लागू शकते, हे मला माहीत नव्हतं. सही घ्यायचं विसरूनच मी परतले.

वजन उतरायला लागलं. सावकाश, पण उतरत होतं. सरांचा चेहरा उजळला, जिना चढताना होणारी धाप कमी झाली. दुसऱ्या कुणाला यात आनंद वाटला असता. सर मात्र दिवसेंदिवस अस्वस्थ होत चालले. सकाळी वजनकाट्यावर उभे राहायचे, आंघोळ करून पुन्हा उभे राहायचे. क्लासमध्ये शिकवता शिकवता मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायचे. एकदा मला स्टाफरूममध्ये गाठलं.

"मॅडम, साधं गणित आहे. टाकीला दोन नळ. एक भरतोय, एक गळतोय. मी आठवड्याला जेमतेम पाव-अर्धा किलो उतरतोय आणि ताई रोज पिवळी होतेय. भरणारा नळ हळू आहे. यावर उत्तर काय?"

"डॉक्टर म्हणतील ते," मी म्हटलं.

"चूक. उत्तर, तिसरा नळ."

आणि फेऱ्या मारत निघून गेले. तिसरा नळ म्हणजे व्यायाम वाढवणार असतील, असं मला वाटलं.

पुढच्या काही आठवड्यांत सर झपाट्यानं बारीक झाले. पट्ट्याला नवीन भोकं पाडून घेतली आणि ती भर वर्गात पोरांना दाखवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फक्त त्यांचा वेग आणखी वाढला होता. हात थरथरायचे, झोप लागत नाही म्हणायचे, बोर्डावरचं अक्षर त्यांचं त्यांनाच वाचता येईना. बहिणीची काळजी, असं म्हणून मी सोडून दिलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या आधीच त्यांनी तपासणीची वेळ घेतली आणि मला नेहमीप्रमाणे बाकावर बसायला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट एकदा पाहिला, पुन्हा पाहिला.

"काय घेता तुम्ही?"

"भाकरी, उसळ, ताक," सर अभिमानानं म्हणाले.

"ते विचारत नाही मी. दारू?"

"छे!"

"काढा, चूर्ण, पावडर, कॅप्सूल?"

सरांचा हात खिशाकडे गेला. मग म्हणाले, "ते आयुर्वेदिक आहे. पूर्ण नैसर्गिक. टेकडीवर फिरायला येणाऱ्या एकानं दिलं. त्याची स्वतःची..."

"आयुर्वेदिक आहे का, असं मी विचारलेलं नाही."

खिशातून डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. हिरवी, वर पानाचं चित्र, आत काय आहे ते धड लिहिलेलं नाही. बाईंनी ती हातातही घेतली नाही. सर घाईघाईनं म्हणाले, "पण डॉक्टर, वजन तर उतरलंय! काट्यावर बघा ना."

बाई म्हणाल्या, "तुमचं वजन मला कापायचं नाहीये. लिव्हर कापायचंय. आणि ते सुजलंय. तुम्ही आलात तेव्हा त्यावर फक्त चरबी होती, ती जातही होती. आता दुखापत आहे. हे आजपासून बंद. आकडे खाली येतील, पण त्यांना लागेल तेवढा वेळ लागेल. तोपर्यंत आपल्याला काहीही करता येणार नाही."

"ताईला तेवढा वेळ..."

या वेळी त्यांचं वाक्य कुणी पूर्ण केलं नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर ओरडले. दवाखाना आहे, माणसं बघतायत, काही सुचलं नाही मला. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? चांगलं चाललं होतं ना? बहिणीच्या जिवाशी शॉर्टकट करता?" ते उभे राहून ऐकत होते. 'पुढे?' म्हणाले नाहीत. मग लहान मुलासारखं म्हणाले, "मॅडम, ताईला सांगायला चला माझ्याबरोबर."

गेलो. सरांनी दारातूनच, चपलाही न काढता, सगळं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं, आता ताईंच्या डोळ्यांत पाणी येईल. ताई म्हणाल्या, "बस आधी." सर बसले. ताई म्हणाल्या, "माझ्यासाठीच केलीस घाई, कळतंय मला. पण माझ्यासाठी केली म्हणून ती घाई नव्हती, असं होतं का रे?" सर रडायला लागले. ताईंना आता उठवत नव्हतं. त्यांनी मला सांगितलं, "ओट्यावर भेंडी आहे बघ, याला चिरायला दे. हात कामात असले की बरा असतो."

पुढचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे. सर पुन्हा फक्त जेवणावर आले. भाकरी, उसळ, भाजी, ताक, संध्याकाळी टेकडीऐवजी बिबवेवाडीच्याच रस्त्यांवर चालणं. दर काही दिवसांनी रक्त तपासायचं. आकडे उतरत होते, पण आपल्या चालीनं. रिपोर्ट फोनवर यायचा तेव्हा सर मला दाखवायला धावत यायचे. मी बघायचे, म्हणायचे, "उतरलाय." ते म्हणायचे, "पण किती हळू." मीही तेव्हा सारखी कॅलेंडरकडे बघत असायचे. जेवताना ताईंचा हात आता गुडघ्यावर नसायचा, तेवढी ताकद राहिली नव्हती. सरच त्यांच्या पलंगाजवळ ताट घेऊन बसायचे, एकेक घास चावून संपवायचे आणि तोंड उघडून दाखवायचे. ताई मान हलवायच्या. मग पुढचा घास.

आकडे जागेवर आले. चरबीही गेली होती. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या आणि म्हणाल्या, "आता तुमचं लिव्हर घेण्यासारखं झालंय." पण त्याच्या आदल्या दिवशी ताईंना ताप आला होता. पोटातल्या पाण्यात संसर्ग झाला होता. आधी तो आटोक्यात आणायचा, मग ऑपरेशन, असं ठरलं. तो आटोक्यात आला नाही. ताई शुद्धीत होत्या तोपर्यंत रोज विचारायच्या, "जेवलास?" एका सकाळी त्या गेल्या.

कार्य उरकल्यावर सर मला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेले. या वेळी ते बाकावर माझ्या शेजारी बसून राहिले. आत जाऊन एवढंच विचारलं, "मी त्या कॅप्सूल घेतल्या नसत्या, तर वाचली असती का?"

बाई म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित हो. कदाचित हा संसर्ग आधीच झाला असता."

"दोन्हींतलं एक सांगा."

"नाही सांगता येत," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सरांच्या हातावर हात ठेवला. ज्या माणसानं जन्मभर चारांतला एक पर्याय गोल करायला शिकवलं, त्याला हे उत्तर कसं झेपणार होतं? मला वाटतं, ते अजूनही झेपलेलं नाही.

ते पुन्हा मिसळीच्या दुकानाच्या दारात उभे दिसतील, असं मला वाटलं होतं. दिसले नाहीत. डबा आणतात, स्टाफरूममध्ये खाली सतरंजी टाकून बसतात, चावून चावून जेवतात. भाकरी आता गोल होते. वजन तिथंच राहिलं आहे. शॉर्टकट अजून शिकवतात, क्लास त्यावरच चालतो, पण आधी सगळं उदाहरण मांडून दाखवतात आणि पोरांचं लिहून झाल्याशिवाय पुसत नाहीत. काही पोरं कंटाळून दुसऱ्या क्लासला गेली. गुडघा हलतोच. मध्येच ते स्वतःच त्यावर हात ठेवतात. माझ्याच्यानं ते बघवत नाही, मी पेपर तपासायला घेते.

आणि एक नवीन तऱ्हा सुरू झाली आहे. सर बारीक झाले, चांगले दिसतात, त्यामुळे लोक विचारतात, "काय केलंत हो?" सर समोरच्याला बसवतात आणि सगळं सांगतात. अक्षरशः सगळं, पॅटिसपासून. कॅप्सूल वगळत नाहीत, ताईला वगळत नाहीत. ज्या आवाजात उसळीला मोड कसे आणायचे ते सांगतात, त्याच आवाजात 'मग ताई गेली' म्हणतात. विचारणाऱ्याची पंचाईत होते. आता पेठेत माहीतगार माणूस त्यांच्यासमोर वजनाचं नावही काढत नाही, लांबूनच नमस्कार करून सटकतो.

परवा आम्ही क्लास सुटल्यावर खाली उतरलो, तर पुस्तकांच्या दुकानात एक जुना विद्यार्थी भेटला. आता मंत्रालयात आहे, पोट चांगलं सुटलंय. सरांच्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, ओळखलंच नाही मी तुम्हाला! अर्धे झालात की! काय केलं, आम्हाला पण सांगा ना."

"वेळ आहे?" सरांनी विचारलं.

"तुमच्यासाठी वेळच वेळ आहे, सर."

दुकानदारानं मुकाट्यानं दोन स्टुलं पुढे सरकवली, त्याला सवय झाली आहे. सरांनी सांगायला सुरुवात केली. मी पिशवी घेऊन उभी होते, माझी बस चुकत होती, पण निघवेना. सर सांगत गेले आणि तो पोरगा, म्हणजे आता साहेब, ऐकत गेला. मध्ये उठला नाही, फोन आला तो कापला. ताईंचं आलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. त्यानं सरांचा हात दोन्ही हातांत घेतला. मला बरं वाटलं. कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं, असं वाटलं.

त्यानं रुमालानं डोळे पुसले. मग जरा चाचरत, आवाज खाली आणून म्हणाला, "सर, एक विचारू? त्या कॅप्सूलनं वजन मात्र उतरलं होतं ना? नाव काय होतं तिचं?"

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात सरांनी हात वर करून मला थांबवलं. ते त्याच्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते. त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"सांगतो," सर म्हणाले. "मी आधी उभ्यानं खायचो."

आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.